पार्श्वभूमी पडताळणीची सेवा : चोवीस हजारांत मला काय कळलं

आधी हिशेब सांगते, बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. ११ माणसं, माणशी १,८५० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. एकूण २४,०१३. डोंबिवली पूर्वेला माझं पाळणाघर आणि बालवाडी आहे, ६४ मुलं येतात. ताई, मावशी, स्वयंपाकाच्या काकू, व्हॅनवाले काका आणि जूनपासून येऊ घातलेले स्केटिंगचे सर धरून ११ जणांची पार्श्वभूमी पडताळणी मी गेल्या उन्हाळ्यात एका खासगी कंपनीकडून करून घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर आमच्या वकील ताईंनी तसं बजावलंय (त्यांचा मुलगा माझ्याकडेच वाढला). शिवाय आणखी दोन कंपन्यांचे नमुना अहवाल मागवून पाहिले, तेही त्याच साच्यातले होते. तेव्हा हे कुठल्याही एका कंपनीबद्दल समजू नका. हल्ली शाळा, क्लास, सोसायट्या धडाधड ही सेवा विकत घेतायत, त्यांनी पैसे भरण्याआधी वाचावं म्हणून लिहितेय.

हे सुरू झालं बदलापूरमुळे. तिथल्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्यावर २० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. आमच्या एक मावशी तिथल्याच. सकाळी नेहमीच्या गाडीने कामाला आल्या आणि दिवसभर घरी फोन लावत बसल्या, कारण परतायला गाडीच नव्हती. त्या प्रकरणातला आरोपी शाळेत कंत्राटावर लागलेला सफाई कामगार, त्याच महिन्यात रुजू झालेला. महिनाभराने तो पोलिसांच्या गोळीने मेला, त्यामुळे त्याच्यावर खटला काही चालला नाही. पण पालकांच्या मनात एक प्रश्न बसला तो बसलाच. ‘काकू, तुमच्याकडची माणसं तपासलेली आहेत ना?’

तपासलेली होती. पोलीस ठाण्याचे चारित्र्य पडताळणीचे दाखले फाइलला आहेत. ते करावेच लागतात. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा, त्याच्या २०२०च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, त्यात शाळा, पाळणाघरं, खेळाच्या अकादमी सगळं आलं, कायम असो की कंत्राटी, प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची. पण एप्रिलच्या पालकसभेत एक बाबा उभे राहिले आणि म्हणाले, त्यांच्या आयटी कंपनीत तर ‘बीजीव्ही’, म्हणजे अशी खासगी पार्श्वभूमी पडताळणी, होते, मग लहान मुलांच्या ठिकाणी का नको? टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर पाळणाघरवालीने काय बोलायचं? मी पैसे भरले.

कंपनीची तीन पॅकेजं. ४९९ रुपयांत ओळखपत्र आणि पत्ता. ९५० रुपयांत त्यावर न्यायालयीन नोंदी. १,८५० रुपयांत हे सगळं, शिवाय मागच्या नोकरीची चौकशी आणि ‘सेक्स ऑफेंडर डेटाबेस चेक’. मी अर्थात तिसरं घेतलं. त्या शेवटच्या ओळीसाठीच घेतलं.

चांगलं आधी सांगते. पत्त्याची तपासणी उत्तम. त्यासाठी एक मुलगा येतो, विशीतला असेल. जूनच्या पहिल्या पावसात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीच्या आत मोबाईल, अशा अवस्थेत तो आमच्या एका ताईंच्या चाळीत पोचला. दाराचा फोटो काढला, शेजारच्या आजींना दोन प्रश्न विचारले, लोकेशन टाकलं आणि निघाला. एका ताईंचा आधारवरचा पत्ता सहा वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा होता, हे त्याच्यामुळेच कळलं. पोलीस दाखलाही त्या जुन्या पत्त्यावरच काढलेला होता. तो मी नव्याने करून घेतला. एवढ्या एका गोष्टीचे पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटतात. फक्त ती गोष्ट ४९९च्या पॅकेजमध्येच होती.

आता ती शेवटची ओळ. अकराच्या अकरा अहवालांत ‘सेक्स ऑफेंडर डेटाबेस’पुढे हिरवी खूण. मला शंका आली, कारण माझ्या डोक्यात होतं की आपल्याकडची अशी यादी कुणाला बघायला मिळत नाही. केंद्रीय गृहखात्याने २० सप्टेंबर २०१८ला लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था, एनसीआरबी, ती सांभाळते. सुरू झाली तेव्हाच तिच्यात चार लाख चाळीस हजारांवर नोंदी होत्या, २००५ पासूनच्या. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. शाळेला नाही, पाळणाघराला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही आणि खासगी कंपनीला तर नाहीच. मग या लोकांनी बघितलं काय?

तीन फोन झाले. पहिल्या मुलीने ‘मॅम, आमच्याकडे सगळे डेटाबेस आहेत’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याने ‘टेक्निकल टीमला विचारतो’ म्हटलं. तिसरा बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, ‘मॅडम, त्यात परदेशातल्या खुल्या याद्या असतात, मेनली यूएसच्या.’

म्हणजे ज्या मावशी आयुष्यात दिवा स्टेशनाच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत, त्या अमेरिकेतल्या लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाहीत, एवढी खातरजमा मी पैसे मोजून करून घेतली. घरी हे सांगितलं तेव्हा नवरा इतका हसला की चहा सांडला. मला त्या वेळी हसू आलं नाही.

अमेरिकेत या याद्या उघड आहेत. न्यू जर्सीत १९९४ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरातल्या माणसाने मारून टाकलं, त्याला आधी लैंगिक गुन्ह्यांत दोनदा शिक्षा झालेली होती आणि आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यातून याद्या उघड करण्याचा कायदा आला, १९९६ला देशभर झाला. तिथे आज कुणीही आपल्या गल्लीत कोण राहतं ते पाहू शकतो. आपल्याकडेही यादी उघडी करा, असं म्हणणारे खूप आहेत, आमच्या पालकसभेत तर सगळेच. मी पूर्वी त्यांच्यात होते. आता नाही, आणि त्याचं कारण व्हॅनवाल्या काकांच्या गोष्टीत येईल.

मला हेवा वाटतो तो इंग्लंडच्या पद्धतीचा. माझी मावसबहीण तिकडे एका प्राथमिक शाळेत वर्गमदतनीस आहे. नोकरी लागताना तिची ‘डीबीएस’ तपासणी झाली, ती सरकारी संस्था करते. यादी जगजाहीर नाही, पण शाळेसाठी सविस्तर तपासणी मागवली की मुलांसोबत काम करायला मनाई असलेल्यांच्या यादीत नाव आहे का ते कळतं. शिक्षा तर कळतेच, शिवाय स्थानिक पोलिसांकडे त्या कामाच्या संदर्भात महत्त्वाची वाटणारी काही माहिती असेल तर तीही दाखल्यावर येऊ शकते. त्यातलं ‘शिक्षा नसली तरी’ हे मी दोनदा विचारून घेतलं. आपल्याकडे सगळं गाडं तिथेच अडतं.

ते कसं अडतं हे मला अहवालाच्या शेवटच्या पानामुळे कळलं. बारीक अक्षरांत ‘शोधलेली कलमे’ असा चौकोन होता. भादंवि ३५४, ३५४-अ ते ड, ३७६, ३७६-अ ते ई, ५०९ आणि पोक्सो. अहवालाची तारीख जून २०२५. म्हणजे भारतीय दंड संहिता, तीच भादंवि, जाऊन भारतीय न्याय संहिता आली त्याला, १ जुलै २०२४ धरलं तर, वर्ष होत आलेलं. त्या तारखेनंतर घडलेल्या बलात्काराचा गुन्हा कलम ६४ खाली नोंदवला जातो. विनयभंग ७४, लैंगिक छळ ७५, चोरून पाहणं ७७, पाठलाग ७८. यातला एकही आकडा त्या चौकोनात नव्हता. नव्या संहितेत ३७६ हा आकडाच नाही, ती ३५८ कलमांत संपते. आणि ३५४ म्हणाल, तर ते आता देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याचं कलम आहे. वकील ताईंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मी कंपनीला मेल केली. उत्तर आलं, ‘सिस्टीम अपडेट प्रक्रियेत आहे, जुने खटले जुन्याच कलमांखाली चालू असल्याने बहुतांश नोंदी सापडतात.’ जुन्या गुन्ह्यांचं तसं चालतं, ते खरं. पण गेल्या वर्षभरात कुणी काही केलं असेल, तर त्याच्यासमोरही हिरवीच खूण उमटणार. मागच्या वर्षाचंच माणसाला जास्त जाणून घ्यायचं असतं ना?

त्या चौकोनातलं ‘३७६-ई’ मला ठाऊक नव्हतं. वकील ताईंना विचारलं. मुलगा घ्यायला आल्या होत्या, हातात त्याची डब्याची पिशवी, आणि जिन्यातच अर्धा तास उभ्या राहून बोलल्या. हे पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यासाठीचं कलम. बलात्काराबद्दल एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात किंवा फाशी. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मांची समिती बसली, तिने महिन्याभरात अहवाल दिला. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला मरेपर्यंत तुरुंग, असं समितीचं म्हणणं होतं. फाशीला तिचा विरोध होता. सरकारने ३ फेब्रुवारी २०१३ पासूनच्या बदलांत फाशी घातली. आता न्याय संहितेत हेच कलम ७१ म्हणून आहे. ताई त्यात एक मजेची गोष्ट सांगतात, मजेची म्हणजे वकिलांच्या मजेची. दुसऱ्यांदा चोरी करणाऱ्याला जास्त शिक्षेची सोय इंग्रजांनी १८६०च्या कायद्यातच करून ठेवली होती, नाणी आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी. बाईवर दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्यासाठी तशी सोय व्हायला २०१३ उजाडलं.

आणि ते कलम पहिल्यांदा वापरलं गेलं ते आपल्या मुंबईत. महालक्ष्मीची शक्ती मिल. ३१ जुलै २०१३ला एक टेलिफोन ऑपरेटर मुलगी, २२ ऑगस्टला एक फोटो-पत्रकार, बंद गिरणीच्या त्याच भिंतींच्या आत. दुसरीने तक्रार दिल्यावर पहिली पुढे आली. दोन्ही खटले एकाच न्यायालयात चालले आणि दोन्हींत एकाच दिवशी, २० मार्च २०१४ला, आरोपी दोषी ठरले. पहिल्या खटल्यात जन्मठेप झाल्यावर सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी दुसऱ्या खटल्यात ३७६-ईचा आरोप वाढवून मागितला आणि ४ एप्रिलला दोन्ही खटल्यांत असलेल्या तिघांना फाशी झाली. निकाल देणाऱ्या प्रधान न्यायाधीश होत्या शालिनी फणसळकर-जोशी.

बचाव पक्षाचं म्हणणं असं की ‘आधी शिक्षा झालेला’ म्हणजे शिक्षा भोगून, सुधारायची संधी मिळून पुन्हा वळलेला माणूस. इथे पहिली शिक्षा आणि दुसरी यांच्यात जेमतेम पंधरवडा. उच्च न्यायालयाने ३ जून २०१९ला कलम वैध ठरवलं. आणि २५ नोव्हेंबर २०२१ला न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली, पॅरोल नाही, फर्लो म्हणजे तुरुंगातून मिळणारी रजाही नाही. गंमत पुढे आहे. बदलापूरनंतर उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी जी समिती काम करत होती, तिच्या प्रमुखपदी याच दोघी निवृत्त न्यायमूर्ती, साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी. एकीने फाशी दिली, दुसरीने ती काढली, आणि दोघी एका टेबलाशी बसून आमच्यासारख्यांनी दाराला कोण उभा करायचा याचा विचार करत होत्या. मला हे फार बरं वाटलं.

माझा मुद्दा साधा आहे. कायद्यात ‘दुसऱ्यांदा’ मोजायचं तर पहिल्यांदा दोषी ठरावं लागतं. पाठलागाचंच घ्या. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. पण देशात बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीसच दोषी ठरतात, आणि दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे घरातला, शेजारचा, क्लासमधला. तिथे तक्रारीपर्यंत जातंय कोण? कायद्याच्या वहीत पहिली ओळच पडत नाही, तर दुसरी कुठून पडणार. आणि ही पडताळणीची सेवा त्याच वहीची झेरॉक्स विकते. फार तर खटल्याची नोंद जास्तीची, आणि त्या नोंदीचं काय होतं ते आता सांगते.

आमचे व्हॅनवाले काका. अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. पावसात पोरं उतरवताना एकेकाला छत्रीत घेऊन दारापर्यंत सोडणारे. त्यांच्या अहवालात लाल चौकोन. ‘फौजदारी नोंद आढळली. कलम ३५४. वर्ष २०१६.’ जुनं ३५४, म्हणजे विनयभंग. दुसऱ्या एका जिल्ह्यातलं न्यायालय. पुढे निकाल काय लागला याची ओळ रिकामी.

ती दुपार मी विसरणार नाही. पीडीएफ सकाळी ११ ला आली, काका १२ वाजता छोट्या गटाला न्यायला येणार होते. मी ते पान तीनदा वाचलं. शेवटी काकांना फोन करून सांगितलं, आज मी सोबत येते व्हॅनमध्ये. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी मागच्या सीटवर मुलांच्या मध्ये बसले आणि आरशात त्यांचे डोळे बघत राहिले, अकरा वर्षांत कधी बघितले नव्हते तसे. याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी समोर बसवून पान दाखवलं. ते इंग्रजी वाचत नाहीत, मी वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, त्या गावाला मी एकदाच गेलोय, लग्नाला.’

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या सरकारी साइटवर नाव घालून खटले शोधता येतात, ते फुकट आहे. जिल्हा, न्यायालयाचं संकुल, वर्ष, नावाची किमान तीन अक्षरं आणि तो वेडावाकडा कॅप्चा. मी बसून शोधलं. काकांच्या नावाचा, बापाच्या नावासकट, माणूस खरोखरच होता. आपल्याकडे आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव जुळणारे एका तालुक्यात चार सापडतात, ते शोधायला सॉफ्टवेअर कशाला. पण त्या पानावर वय नसतं, पत्ता नसतो. वकील ताईंनी तिथल्या एका वकिलाकरवी निकालपत्र बघून घेतलं. आरोपीचं वय, घटनेच्या वेळी, २४. आमचे काका तेव्हा ४७ वर्षांचे होते. आणि तो २४ वर्षांचा मुलगाही २०१९ मध्ये निर्दोष सुटलेला, साक्षीदार फितूर झाले म्हणून.

म्हणजे लाल चौकोन ज्याच्यावर होता तो आमचा माणूस नव्हता, आणि ज्याचा होता त्यालाही कोर्टाने सोडलेलं होतं. जन्मतारीख कंपनीकडे होती, आम्ही आधारची प्रत दिली होती. ती ताडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. मी तक्रार केली, १९ दिवसांनी लाल चौकोन हिरवा झाला. माफी नाही. पैसे परत नाहीत. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल’ पुढच्या तीन पडताळण्या मोफत, असं कूपन आलं. नियमावलीत कलम आहेच, नावाच्या साधर्म्यातून झालेल्या चुकीला कंपनी जबाबदार नाही.

त्या १९ दिवसांत मी काकांना काढलं नाही, पण पालकांपैकी कुणाच्या हाती ते पान लागलं असतं तर मी त्यांना ठेवू शकले असते असं छातीठोक सांगत नाही. उघड्या यादीबद्दलचं माझं मत तेव्हा बदललं. ज्या देशात पत्त्याला ‘देवळामागे, टपरीजवळ’ असं लिहितात, तिथे नावावरून गल्लीत पोस्टर लावायला किती वेळ लागेल? काकांनी दुरुस्त झालेल्या अहवालाची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली आहे. व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये, गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवतात.

आता हिरवी खूण. स्केटिंगचे सर. चार दिवसांत अहवाल, सगळीकडे हिरवं. मागच्या नोकरीच्या रकान्यात ‘कालावधी जुळतो, थकबाकी नाही’. ही चौकशी मेलवर होते, पलीकडचा माणूस दोन ओळी टाकतो आणि काम संपतं. मला राहवेना. एका रविवारी मी त्या आधीच्या क्लासच्या मालकीण बाईंना थेट फोन लावला. बायका बायका बोलतो तसं बोलत होतो, पोरं, फी, जागेचं भाडं. मग मी सरांचं नाव घेतलं आणि त्या थांबल्या. कुकरची शिट्टी ऐकू आली मला तिकडची.

‘कागदावर काही नाहीये हो,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही त्यांनाच राजीनामा द्यायला सांगितला. पालकांना पुढे जायचं नव्हतं.’

पुढे काही सांगायला त्या तयार नव्हत्या. मी वकील ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोक्सोच्या कलम १९ खाली असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्याने कळवायचंच आहे, आणि न कळवल्याबद्दल कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसलं तर वर्षापर्यंत. आणि मी? मी तर फक्त शिट्टी आणि दोन वाक्यं ऐकली होती. ताई म्हणाल्या, ऐकलंस तेवढंच सांग, त्यात तुझं काही मिसळू नकोस. मी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करून सांगितलं. हात थरथरत होते. काकांच्या वेळी चुकीच्या माणसाकडे आरशातून बघून झालेलं होतं ना. कदाचित हेही तसंच असेल, असं सारखं वाटत होतं. पण इथे ठरवणारी मी नव्हते, आणि मुलांच्या पायात चाकं बांधायला कोण वाकणार एवढंच मला ठरवायचं होतं. सरांना सांगितलं, यंदा स्केटिंग सुरू करत नाही. खरोखरच सुरू केलं नाही, जागा रिकामी आहे, तिथे आता मुलं ठिक्कर खेळतात.

तर शिफारस. ४९९चं पॅकेज घ्या, पत्त्यासाठी, पावसात येणाऱ्या त्या मुलासाठी. ९५०चं घेऊ नका, ई-कोर्ट्सवर स्वतः बसा, दोन्ही संहितांची कलमं लिहून समोर ठेवा, आणि नाव जुळलं की घाबरण्याआधी वय शोधा. १,८५०चं म्हणजे अमेरिकेची यादी, ते तर विसराच. पोलीस दाखला टाळू नका, तो कायद्याने लागतोच आणि खासगी अहवाल त्याची जागा घेत नाही. मागच्या मालकाला मेल नको, फोन करा, शक्यतो रविवारी, आणि गप्पा मारायची तयारी ठेवा. पाचपैकी दोन तारे देते, त्यातला दीड त्या मुलाचा.

मोफत तीन पडताळण्यांपैकी एक मी स्वतःवर वापरून पाहिली. दोन दिवसांत अहवाल आला, सगळं हिरवं. फॉर्ममध्ये माझं लग्नाआधीचं नाव कुठेच विचारलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी त्या नावाने जगले होते.